कुटातली बुरशी, काविळीचा विषाणू आणि २४९ नंबरची चूक: लिव्हरच्या कॅन्सरमागचं जनुक

शेंगदाण्याचा कूट आपल्याकडे कशात पडत नाही? भाजीत, चटणीत, खिचडीत, उपासाच्या आमटीत. दाणा चांगला असेल तर त्याच्याइतकं स्वस्त आणि पौष्टिक दुसरं काही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणी दाणे बंद करायचं. पण त्याच दाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी चढली, तर ती अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. हे विष वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जात राहिलं, तर लिव्हरच्या पेशीतल्या एका जनुकाचं एक अक्षर बदलू शकतं. जनुक कोणतं, जागा कोणती, कोणतं अक्षर जाऊन कोणतं येतं, हे सगळं ठाऊक आहे. कॅन्सरच्या बाबतीत कारण आणि त्याने मागे ठेवलेली खूण अशी समोरासमोर सापडणं फार दुर्मीळ आहे.

एक खुलासा. इथे लिव्हरचा कॅन्सर म्हणजे लिव्हरच्या स्वतःच्या पेशींत सुरू होणारा, रिपोर्टात ज्याला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा किंवा एचसीसी लिहितात तो. आतड्याचा, स्तनाचा कॅन्सर पसरून लिव्हरमध्ये गेला असेल तर रिपोर्टात ‘मेटास्टॅसिस’ असतं. त्याचं कारण वेगळं, उपचारही वेगळे.

पी-५३ करतं काय

पेशीची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकांना ट्यूमर सप्रेसर जनुकं म्हणतात. त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे टीपी-५३. ते सतराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर असतं आणि त्यावरून ३९३ अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं, ते पी-५३. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडलं, आणि गंमत म्हणजे पुढची दहा वर्षं ते कॅन्सर वाढवणारं आहे असंच समजलं जात होतं. प्रयोगशाळेत हाताशी असलेल्या त्याच्या प्रती आधीच बिघडलेल्या होत्या, म्हणून ही फसगत झाली. १९८९ च्या सुमारास ते उलगडलं.

निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होतं आणि काही मिनिटांतच मोडलंही जातं. मोडण्याचं काम एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन करतं. पेशीच्या डीएनएला इजा झाली की हे मोडणं थांबतं, पी-५३ साचू लागतं आणि डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसून दुसरी जनुकं चालू करतं. त्यातल्या पी-२१ मुळे पेशीचं विभाजन थांबतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल तर पी-५३ त्या पेशीला स्वतःहून मरायला लावतं.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते, म्हणून वाढ रोखणारं जनुक पूर्ण निकामी व्हायला दोन्ही प्रतींना धक्का बसावा लागतो. हे आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून मांडलं होतं. पी-५३ इथेच थोडं वेगळं वागतं. ते एकेकटं काम करत नाही, चार रेणू एकत्र जुळले तरच डीएनएवर नीट बसतं. बाजेचा एक पाय मोडका असला की उरलेले तीन कितीही भक्कम असोत, वर कुणी बसू शकत नाही, तसं. आता हिशोब करून बघा. दोन प्रतींपैकी एक बिघडली, म्हणजे तयार होणारं निम्मं प्रथिन सदोष. चार रेणू कसेही जुळले तर चारही चांगले असण्याची शक्यता १/२ चार वेळा गुणून येते १६ मध्ये १. एका प्रतीतल्या चुकीने बराचसा पहारा उठतो तो असा. पुढे गाठ वाढताना दुसरी प्रत असलेला गुणसूत्राचा तुकडाही बहुतेक वेळा गळून जातो, मग उरलंसुरलंही संपतं.

जन्मजात फरक आणि आयुष्यात पडलेला फरक

‘आमच्या घराण्यातच लिव्हरचा कॅन्सर आहे, जीन टेस्ट करावी का?’ हा प्रश्न ओपीडीत नेहमीचा. उत्तर देण्याआधी दोन प्रकारचे फरक वेगळे करावे लागतात.

पहिला जन्मजात. आईवडिलांकडून आलेला, शरीरातल्या प्रत्येक पेशीत असलेला, म्हणून रक्तात किंवा थुंकीत तपासता येणारा. टीपी-५३ च्या ७२ व्या जागेवर काही माणसांत आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं, काहींत प्रोलिन. दोन्ही प्रकार निरोगी माणसांत सर्रास आढळतात, हा आजार नव्हे. दोन्ही प्रती प्रोलिनच्या असतील तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. इतक्या लहान आणि डळमळीत फरकावरून एका माणसाला सल्ला देता येत नाही. टीपी-५३ मधला खरोखर घातक जन्मजात दोषही असतो, ली-फ्रॉमेनी सिंड्रोममध्ये. पण त्या घरांत कमी वयात स्तनाचे, हाडांचे, मेंदूचे, ॲड्रिनल ग्रंथीचे कॅन्सर दिसतात. लिव्हरचा कॅन्सर ही त्याची ओळख नाही.

दुसरा फरक आयुष्यात पडतो. एका पेशीत चूक होते, तिच्या पिलावळीत उतरते, आणि ती फक्त त्या गाठीत असते. अफलाटॉक्सिनमुळे टीपी-५३ च्या २४९ व्या जागेवर होणारी चूक, म्हणजे शीर्षकातली २४९ नंबरची चूक, या जातीची. निरोगी माणसाची थुंकी तपासून ती दिसणार नाही, कारण ती तिथे नाहीच. घरबसल्या नमुना घेऊन ‘कॅन्सर रिस्क’ सांगणारी पॅकेजेस लिव्हरच्या बाबतीत म्हणूनच फारशी कामाची नाहीत. तो पैसा हिपॅटायटिस बी च्या साध्या तपासणीवर आणि सोनोग्राफीवर खर्च करावा.

मग एकाच घरात तीन-चार जणांना लिव्हरचा कॅन्सर का होतो? पुष्कळदा त्या घरात जनुकाऐवजी विषाणू वारशाने चाललेला असतो. हिपॅटायटिस बी आईकडून बाळाला बाळंतपणात जातो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. मोठेपणी लागण झाली तर हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असतं. त्यामुळे आई आणि तिची सगळी भावंडं-मुलं, अशी अख्खी शाखाच बाधित निघते आणि लोक म्हणतात, रक्तातच आहे.

विष ते अक्षर: मधले टप्पे

अफलाटॉक्सिन बी-१ जसंच्या तसं डीएनएला काही करत नाही. लिव्हरच त्याला धारदार करते. बाहेरून आलेली रसायनं विरघळवून बाहेर काढण्यासाठी लिव्हरमध्ये सीवायपी-३ए-४, सीवायपी-१ए-२ अशी एन्झाइम्स असतात. ती या विषाला ऑक्सिजन जोडतात आणि त्यातून इपॉक्साइड नावाचं अत्यंत चिकट रूप तयार होतं. इथून दोन वाटा फुटतात. पेशीतलं ग्लुटाथायोन हे बचाव करणारं द्रव्य जोडलं गेलं तर ते निरुपद्रवी होऊन शरीराबाहेर जातं. न जोडलेलं रूप डीएनएमधल्या ग्वानिनला, म्हणजे ‘जी’ या अक्षराला, चिकटतं. बहुतेक ठिकाणी पेशी हे काढून टाकते. पण दुरुस्तीआधीच पेशीचं विभाजन झालं, तर नक्कल करताना ‘जी’च्या जागी ‘टी’ बसतं आणि ते मग कायमचं.

टीपी-५३ च्या २४९ व्या कोडॉनमध्ये ए-जी-जी अशी तीन अक्षरं असतात, त्यांचा अर्थ आर्जिनिन. शेवटचं जी जाऊन टी आलं की ए-जी-टी होतं, त्याचा अर्थ सेरिन. आर्जिनिनचा रेणू लांब आणि धनभारित, प्रथिनाच्या डीएनए धरणाऱ्या भागाचा आकार नीट ठेवणारा. सेरिन आखूड, भार नसलेला. त्यामुळे तो भागच वाकडा होतो. रिपोर्टात हे ‘आर-२४९-एस’ असं लिहिलेलं असतं.

१९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ही खूण दाखवली. एकाने चीनमधल्या चीडोंगच्या रुग्णांत, दुसऱ्याने दक्षिण आफ्रिकेकडच्या. चीडोंगच्या १६ गाठींपैकी ८ मध्ये हेच अक्षर, याच जागी बदललेलं होतं. अफलाटॉक्सिन जेवणात फारसं नसलेल्या देशांत हा बदल क्वचित सापडतो. २४९ च का, याचं अर्धंच उत्तर रसायनशास्त्रात आहे. विष इतर जागांनाही चिकटतं. पण या जागी चूक झालेल्या लिव्हरच्या पेशीला वाढायला फायदा होतो असं दिसतं, विशेषतः सोबत हिपॅटायटिस बी चा विषाणू असेल तेव्हा.

तो विषाणू स्वतः काय करतो? त्याचा डीएनए आपल्या गुणसूत्रात कुठेतरी घुसतो. अनेकदा टर्ट या जनुकाजवळ, ज्यामुळे पेशीला न थकता विभाजन करत राहण्याची मुभा मिळते. त्याचं एचबीएक्स नावाचं प्रथिन पी-५३ च्या कामात अडथळा आणतं. शिवाय रोजची सूज, पेशी मरणं, नव्या तयार होणं, म्हणजे विभाजन जास्त आणि नकलेतल्या चुकांना संधीही जास्त. शांघायमधल्या पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून काढलेले आकडे याच कारणाने गाजले. फक्त अफलाटॉक्सिनचा पुरावा असलेल्यांना धोका सुमारे ३.४ पट, फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यांना ७.३ पट, आणि दोन्ही असलेल्यांना सुमारे ५९ पट. बेरीज केली तर ११ च्या आत येते, गुणाकार केला तरी २५. प्रत्यक्षात त्याहून दुप्पट.

सगळ्या लिव्हर कॅन्सरमध्ये हीच गोष्ट असते असं मात्र नाही. जगभरातल्या गाठी एकत्र धरल्या तर टीपी-५३ साधारण तिसऱ्या हिश्शात बिघडलेलं सापडतं, आणि तेही वेगवेगळ्या जागी. इतर ट्यूमर सप्रेसर जनुकंही आहेत. ॲक्सिन-१, आरिड-१ए, आरबी-१. सीडीकेएन-२ए हे जनुक तर अनेकदा अक्षर न बदलताच, त्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसून बंद पडतं. दारू, हिपॅटायटिस सी, मधुमेहासोबतची फॅटी लिव्हर या वाटांनी होणाऱ्या कॅन्सरमध्ये २४९ ची खूण अपेक्षितच नाही. तिथे बहुतेकदा आधी सिरॉसिस होतो, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होते, आणि मग गाठ. हिपॅटायटिस बी मध्ये सिरॉसिसशिवायही कॅन्सर होऊ शकतो, हा फरक पुढे तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल.

विष शिरतं ते शेतातच

बुरशी पोत्यात लागते असा समज आहे. अर्धा खरा. भुईमुगात ती जमिनीतूनच शिरते, आणि त्यासाठी लागणारं हवामान मराठवाड्याइतकं नेमाने कुठे मिळणार? शेंगा भरण्याच्या शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाने ओढ दिली आणि जमीन तापली, की दाण्यातलं पाणी कमी होतं. दाणा स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं तयार करतो ती तयार होत नाहीत, बुरशीला मात्र तीच उष्णता मानवते. मग काढणीच्या तोंडावर परतीचा पाऊस येतो आणि उपटलेले वेल भिजतात. आधी ताण, नंतर ओल. याहून वाईट जोड नाही. मक्याचंही तेच. संभाजीनगर-जालन्याकडे कणसं तोडून ढीग लावतात आणि पावसाच्या भीतीने ताडपत्री घट्ट बांधतात. आतली ओल आणि ऊब आतच राहते. ताडपत्री पाऊस थांबला की काढायची आणि ढीग पसरायचा, हे कंटाळवाणं काम आहे, पण विष याच दोन-तीन दिवसांत वाढतं.

भुईमुगासाठी काय करायचं ते क्रमाने. विहिरीला पाणी असेल तर शेवटच्या महिन्यातलं एक संरक्षित पाणी चुकवू नये. जिप्सम पेरणीच्या वेळी हेक्टरी २०० किलो आणि आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे दांडे) सुटताना २०० किलो द्यावं, टरफल मजबूत होतं. हुमणी आणि वाळवीने कुरतडलेल्या शेंगेत बुरशीला दार उघडंच मिळतं, म्हणून त्यांचा बंदोबस्त आधी. पक्व झालेलं पीक ‘मजूर मिळेना’ म्हणून जमिनीत ठेवू नये. उपटल्यावर वेल उलटे, शेंगा वर करून, वाऱ्याला ठेवावेत. खुरप्याने कापलेल्या, फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. आणि मागाहून माती उकरून वेचलेल्या शेंगा मुख्य मालात मिसळू नयेत. दुर्दैवाने विकायचा माल चांगला आणि वेचणीचा घरी खायला, अशीच पद्धत आहे. विषाच्या दृष्टीने सगळ्यात संशयास्पद तोच माल.

उपटताना शेंगेत ३५ ते ५० टक्के ओलावा असतो. तो ८ टक्क्यांवर आणायचा. मक्यात १२ ते १३. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर शेंग कानाजवळ हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा चोळला की साल सुटली पाहिजे आणि दाताखाली तो कट्कन मोडला पाहिजे, दबता कामा नये. खताच्या प्लास्टिक पोत्यात अर्धवट वाळलेला माल भरला की आत घाम सुटतो. बारदाना बरा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. दाणे काढून ठेवण्यापेक्षा शेंगाच ठेवाव्यात आणि लागेल तेवढ्या फोडाव्यात. यंत्रावर फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारतात. तुटीचं नुकसान वाचतं, पण आठ टक्क्यांवर आणलेली मेहनत त्या बादलीभर पाण्यात जाते.

स्वयंपाकघरात भरवसा निवडण्यावर ठेवायचा, शिजवण्यावर नाही. अफलाटॉक्सिन सुमारे २६८ अंश सेल्सिअसला वितळतं. उकळण्याने, कुकरने, भाकरी भाजण्याने ते संपत नाही, दाणे भाजल्यावर काही भाग कमी होतो, एवढंच. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच दाण्यांत प्रचंड असतं. त्यामुळे सुरकुतलेले, काळपट, रंग उडालेले, आतून पिवळट-हिरवे, खवट दाणे वेचून काढले की विषाचा मोठा भाग जातो. विषाला स्वतःची चव नसते, पण दाणा कडू-खवट लागला तर थुंकून टाकावा, कारण बिघडलेल्या दाण्यात ते असण्याची शक्यता जास्त. कूट करायच्या आधीच निवडा. एकदा भरडलं की चांगलं-वाईट वेगळं करता येत नाही. बाजारातला तयार कूट स्वस्त का असतो, याचाही विचार त्याच वेळी करावा.

निवडलेला टाकाऊ माल जातो कुठे? मोंढ्यात त्यालाही गिऱ्हाईक असतं. तो घाण्याला जातो. तेलात हे विष फारसं विरघळत नाही, बहुतेक पेंडीत राहतं. गढूळ तेलात पेंडीचे कण तरंगत असतात, म्हणून घाण्याचं तेल निवळून, बारीक कापडातून गाळून घ्यावं. पेंड जनावराला जाते आणि गाय-म्हैस खाल्लेल्या विषाचा साधारण एक-दोन टक्के, भरपूर दूध देणाऱ्या जनावरात सहा टक्क्यांपर्यंत, भाग एम-१ या रूपात दुधात सोडते. दूध उकळून ते जात नाही. एम-१ हे बी-१ पेक्षा कमी घातक, पण लहान मुलं दूधच जास्त पितात. बुरसटलेली पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध सुधारतं, इतका हा हिशोब सरळ आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा धान्य-डाळींसाठी किलोला १५ मायक्रोग्रॅम, दुधातल्या एम-१ साठी ०.५ मायक्रोग्रॅम. किलोला १५ मायक्रोग्रॅम म्हणजे ६० टन मालात एक ग्रॅमपेक्षाही कमी. डोळ्याने बघून ‘आमचा माल बरोबर आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, ते एलायझा या प्रयोगशाळेतल्या किंवा पट्टीच्या तपासणीनेच ठरतं.

फार मोठी मात्रा एकदम पोटात गेली तर कॅन्सरची वाट बघावी लागत नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ आणि पोटात पाणी होऊन शंभरावर माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली. याउलट चीडोंगमध्ये १९८० च्या दशकात मक्याऐवजी तांदूळ मुख्य अन्न झालं आणि पुढच्या काळात तिथल्या तरुणांमधला लिव्हर कॅन्सरचा मृत्युदर निम्म्याहून खाली आला.

विषाणूची बाजू

दोन धोक्यांपैकी हा मोठा आणि रोखायला सोपा. बाळाला हिपॅटायटिस बी ची पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत, ०.५ मिली, मांडीच्या स्नायूत. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून. चूक होते ती पहिल्या डोसात. बाळंतपण रात्री, शनिवारी, खासगी दवाखान्यात झालं आणि ‘सव्वा महिन्यानंतर देऊ’ म्हणून लांबवलं. विषाणू आईकडून आला असेल तर तोवर तो लिव्हरमध्ये बसलेला असतो. आईची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ओळखणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं, इंजेक्शनही लागतं, शक्यतो १२ तासांत. आणि आईच्या रक्तात विषाणू मिलीला २ लाख युनिटच्या वर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर गोळी सुरू करतात. हे सगळं सातव्या महिन्याआधीच ठरलेलं असावं, बाळंतपणाच्या खोलीत नव्हे. तैवानने १९८४ मध्ये बाधित आयांच्या बाळांना आणि १९८६ पासून सगळ्या बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटला.

मोठ्यांसाठी लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आधी एचबीएसएजी तपासून. पॉझिटिव्ह आला तर घाबरून लपवू नका, एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही. रक्त, लैंगिक संबंध, दाढीचं ब्लेड, गोंदणाची सुई, पुन्हा वापरलेली सिरिंज, यांतून पसरतो. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

काविळीची माळ इथे आठवतेच. ती घातल्यावर कावीळ उतरते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. बी आणि सी मध्ये डोळे पांढरे झाले तरी विषाणू आतच राहू शकतो. कावीळ उतरल्यावर सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासली नाही, तर हे कळायचं राहून जातं.

सहा महिन्यांची सोनोग्राफी आणि ‘पी-५३ पॉझिटिव्ह’

लिव्हरच्या आतल्या गाभ्याला दुखण्याची जाणीव नसते, फक्त वरच्या आवरणाला असते. म्हणून पाच-सहा सेंटिमीटरची गाठही गुपचूप वाढते. कोणत्याही कारणाने सिरॉसिस असलेल्यांनी, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी चाळिशीपुढच्या पुरुषांनी, पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी किंवा घरात लिव्हरचा कॅन्सर झालेल्यांनी, सिरॉसिस नसला तरी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, जोडीला एएफपी ही रक्ततपासणी. वर्षातून एकदा केली तर मधल्या काळात गाठ हाताबाहेर जाऊ शकते. एएफपी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नये, लहान गाठींमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मलच असते. सोनोग्राफीला जाताना रिकाम्या पोटी जा आणि मागचा रिपोर्ट सोबत न्या. ‘नवीन’ आणि ‘होतीच’ यातला फरक त्या कागदावरून ठरतो.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान ठिपका दिसला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. त्याहून मोठी गाठ असेल तर ट्रिपल फेज, म्हणजे तीन टप्प्यांत चित्रं घेणारा, सीटी किंवा एमआरआय. इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे साधा ‘कॉन्ट्रास्ट सीटी’ काढून आणणं. त्यात धमनीचा टप्पा पकडलेला नसतो. लिव्हरच्या कॅन्सरची ओळखच अशी, की धमनीच्या टप्प्यात गाठ चमकते आणि नंतरच्या टप्प्यात आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. सिरॉसिस असलेल्या माणसात ही खूण स्पष्ट असेल तर सुईने तुकडा न काढताही निदान पक्कं धरतात. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर घाईने सुई घालू नये, सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा थोडा धोका असतो. चिठ्ठीवर ‘ट्रिपल फेज’ लिहिलंय का ते बघा, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, आणि नुसत्या फिल्म न घेता सीडीही मागा.

तुकडा तपासला गेला असेल तर रिपोर्टात कधीकधी ‘पी-५३ पॉझिटिव्ह’ दिसतं, आणि राखणदार प्रथिन हजर आहे म्हणजे चांगलंच, असा अर्थ काढला जातो. अर्थ उलटा आहे. निरोगी पी-५३ काही मिनिटांत मोडलं जातं, त्यामुळे रंगवलेल्या काचेवर ते जेमतेम, तुरळक दिसतं. बिघडलेलं प्रथिन एमडीएम-२ ला मोडता येत नाही, ते केंद्रकात साचतं आणि जवळजवळ सगळ्या पेशी गडद तपकिरी दिसतात. जनुकाचा तुकडाच उडालेला असेल तर एकही पेशी रंगत नाही. तेव्हा खूप गडद आणि पूर्ण कोरं, दोन्ही बिघाडाच्याच खुणा. टीपी-५३ बिघडलेल्या गाठी सरासरीने जास्त आक्रमक असतात.

पण आजच्या घडीला त्या एका ओळीवरून लिव्हर कॅन्सरचा उपचार बदलत नाही. पी-५३ दुरुस्त करणारं औषध या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात नाही. चीनने २००३ मध्ये निरोगी पी-५३ जनुक पेशीत पोचवणारं इंजेक्शन मंजूर केलं, तेही डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी. म्हणून महागड्या जनुक पॅनेलची चिठ्ठी मिळाली तर एकच विचारा, याचा निकाल काहीही आला तरी औषध बदलणार आहे का? उपचार ठरतो तो गाठी किती, केवढ्या, पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत, गाठ शिरली आहे का, उरलेली लिव्हर किती चांगली आणि माणूस हिंडता-फिरता आहे का, यावर. पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत, ही १९९६ पासून प्रत्यारोपणासाठी वापरली जाणारी मिलान मर्यादा. त्या आत असताना शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण किंवा सुईने गाठ जाळणं यांचा विचार होण्याची शक्यता जास्त. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातल्या कशाला मंजुरी मिळते, ते दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्यावं, आणि रेशनकार्ड व आधारवरचं नाव सारखं आहे ना, तेही त्याच दिवशी बघून घ्यावं.